वरून निरोप आला का?

२४ ऑक्टोबर २०१९चा गुरुवार. दुपार कलेपर्यंत महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावी भगवा आणि कमळाचा झेंडा एकाच जीपच्या टपावर फडकत होते, आणि अंगावरचा गुलाल कुणाच्या पिशवीतला हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. भाजपचे १०५, शिवसेनेचे ५६. बेरीज १६१. सभागृह २८८ जणांचं, बहुमताला लागतात १४५. चौथीतल्या पोराला तोंडी जमावं असं गणित. हलवायाकडून पेढे आले, वाटले गेले. मधुमेहवाल्यांनीही "आजच्या दिवस चालतंय" म्हणत दोन-दोन तोंडात टाकले.

संध्याकाळी उद्धव ठाकरे यांनी पत्रकार परिषद घेऊन लोकसभेच्या वेळी ठरलेल्या 'फिफ्टी-फिफ्टी'ची आठवण करून दिली. पेढे तोवर पचले होते.

त्या संध्याकाळपासून शिवाजी पार्कावर शपथ होईपर्यंत ३५ दिवस गेले. मधल्या मध्ये एक सरकार येऊन गेलं, त्याचं पुढे येईलच. या ३५ दिवसांत कोण कुणाला कुठे भेटलं, कुणाची गाडी कुठल्या दाराने आत गेली, यावर पुस्तकं निघाली. पण ज्याने सतरंज्या उचलल्या, मतदार याद्या फाडून-चिकटवून घरोघर चिठ्ठ्या वाटल्या आणि निकालानंतर "आता काय?" या प्रश्नाचं उत्तर ज्याला चौकात उभं राहून द्यावं लागलं, त्या समर्थकाचं काय झालं, याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. वाटाघाटीच्या खोलीत त्याला खुर्ची नव्हती. खोलीच्या बाहेरही नव्हती. तो तीनशे किलोमीटरवर एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर होता, आणि तिथे त्याला रोज सकाळी एकच प्रश्न यायचा.

"काय भाऊ, वरून निरोप आला का?"

हा 'वरून' शब्द मराठी राजकारणात फार कामाचा आहे. तिकीट वरून येतं, निरोप वरून येतो, पैसेही वरून येतात असं म्हणतात, फक्त ते खाली पोचेपर्यंत बरेचसे वाटेत मुरतात. निरोप मात्र मुरत नाही, तो वाढतो. मुंबईतल्या कुणा नेत्याच्या ड्रायव्हरने सोलापूरच्या मेहुण्याला "साहेब आज हसत बाहेर आले" एवढंच सांगितलेलं असतं. मेहुण्याकडून ते तालुक्याला येतं तेव्हा गृहखातंही ठरलेलं असतं.

त्यात दिवाळी. रविवारी लक्ष्मीपूजन, सोमवारी पाडवा, मंगळवारी २९ तारखेला भाऊबीज. युतीत मोठा भाऊ कोण आणि धाकटा कोण, हा वाद दोन्ही पक्षांत वर्षानुवर्षं चाललेला. नेमक्या भाऊबीजेच्या दिवशी देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकारांशी गप्पा मारताना अडीच वर्षांच्या मुख्यमंत्रिपदाचा शब्द आपण दिलाच नव्हता असं सांगून टाकलं, आणि त्याच दिवशी ठरलेली दोन्ही पक्षांची बैठक शिवसेनेने रद्द केली. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं.

गावोगावच्या फराळाला याचा थेट फटका बसला. युतीच्या काळात जुळलेली सोयरीक म्हणजे मुलगा शाखाप्रमुख आणि सासरा भाजपचा शहर सरचिटणीस. निवडणुकीत दोघे एका रिक्षात बसून प्रचार करत होते. आता जावई चकली उचलतो न उचलतो तोच सासरे विचारतात, "शब्द दिला होता तर लिहून का नाही घेतला?" जावई म्हणतो, "आमच्याकडे शब्दाला किंमत असते." सासूबाई चिवड्याची वाटी मध्ये सरकवतात. हे दोघे नंतर एकमेकांशी बोलू लागले ते थेट २०२२ साली, तेव्हा जावयाचा आमदार बंड केलेल्या एकनाथ शिंदेंबरोबर गुवाहाटीला गेला होता. पण ती वेगळी गोष्ट.

प्रतीक्षेचं सगळ्यात खरं ठिकाण बघायचं तर फ्लेक्सच्या दुकानात जावं. छापायचं मशीन मागच्या खोलीत, पुढे एक संगणक आणि त्याच्यासमोर मान वाकडी करून बसलेला पोरगा. निकालाच्या रात्रीच 'अभिनंदन' नावाची फाइल तयार झालेली असते. आठवड्याभरात तिची पिलावळ होते: 'अभिनंदन फायनल', 'अभिनंदन फायनल दोन', 'अभिनंदन एकदम फायनल', 'अभिनंदन साहेबांनी बघितलेलं'. फोटोंची उतरंड ठरलेली. वर दिवंगत नेते ढगांत, त्याखाली हयात नेते त्याहून थोडे लहान, मध्यभागी आमदार साहेब हात जोडून किंवा मोबाइल कानाला लावून, आणि तळाशी 'शुभेच्छुक' म्हणून पासपोर्ट आकाराची तीस तोंडं. वर्गणी याच तिसांनी भरलेली असते, त्यामुळे एकही तोंड गाळता येत नाही.

त्या दिवाळीत सगळं अडलं ते दोन अक्षरांवर. आमदाराच्या नावामागे 'आ.' लागतं आणि मंत्र्याच्या नावामागे 'ना.', म्हणजे नामदार. पोरगा विचारी, "दादा, आ. टाकू की ना.?" दादा एकदा दाराबाहेर बघत, एकदा मोबाइलकडे. मग म्हणत, "जागा ठेव." पुढे आणखी पेच आला. युती असेल तर पार्श्वभूमी भगवी, हे सोपं होतं. पण शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस एकत्र येणार अशी कुजबूज सुरू झाल्यावर भगवा कुठून सुरू करायचा आणि हाताच्या पंजाला घड्याळ बांधलेलं चालेल का, असे प्रश्न पडले. या नव्या संसाराला वर्तमानपत्रांनी आधी 'महाशिवआघाडी' म्हणून हाक मारली, बारसं झालं तेव्हा नाव 'महाविकास आघाडी' ठेवलं गेलं. ज्यांनी उत्साहाने पहिल्या नावाने फ्लेक्स छापून ठेवले त्यांचा माल पुढे पावसाळ्यात गोठ्यावर कामी आला. फ्लेक्सचा हा एक गुण मान्य करायलाच हवा. विचारधारा कुठलीही असो, म्हशीला पाणी लागत नाही.

या काळात राज्यातले १३ अपक्ष आमदार एकदम वयाने मोठे झाले. काल ज्यांना पक्षाने तिकीट नाकारलं होतं त्यांना आज दोन्ही बाजूंचे फोन, आणि त्यांच्या समर्थकांच्या चालण्यातही फरक. टपरीवर अपक्षाचा कार्यकर्ता आला की बाकीचे सरकून जागा देत. "दादा अजून विचार करतायत," एवढं म्हणून तो चहाला फुंकर मारी. चहाचे पैसे त्या महिनाभर त्याने दिल्याचं कुणाला आठवत नाही.

टीव्ही बघायचा तो सलूनमध्ये. तिथे 'सूत्रांची माहिती' दिवसभर मोफत. सूत्र म्हणजे कोण, हे विचारायचं नसतं. संजय राऊत सकाळी पत्रकारांशी बोलत, बहुमताचा आकडा १७०च्या वर सांगत. ११ नोव्हेंबरला ते लीलावती रुग्णालयात दाखल झाले, तिथूनही त्यांच्या कविता ट्विटरवर येत राहिल्या. शरद पवार मात्र "जनतेने आम्हाला विरोधी पक्षात बसायचा कौल दिलाय," असं सांगत होते. आता पवारांच्या वाक्याचा अर्थ लावणं हा महाराष्ट्रातला जुना घरगुती उद्योग आहे. १८ नोव्हेंबरला ते दिल्लीत सोनिया गांधींना भेटून बाहेर आले आणि सरकार स्थापनेवर चर्चाच झाली नाही म्हणाले. खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या गिऱ्हाइकाने फेसाळ तोंडाने निकाल दिला: "म्हणजे ठरलं." साताऱ्याच्या सभेत साहेब भर पावसात बोलले तेव्हापासून राष्ट्रवादीच्या समर्थकांचा त्यांच्यावरचा विश्वास असा होता की ते 'नाही' म्हणाले तरी ह्यांना 'हो' ऐकू यायचं, आणि या वेळी तरी ऐकणारे बरोबर निघाले.

सरकारची अशी वाट बघणारे आपणच पहिले नव्हे. बेल्जियममध्ये २०१०च्या जूनमध्ये निवडणूक झाली आणि सरकारने शपथ घेतली ती २०११च्या डिसेंबरात, ५४१ दिवसांनी. तिथल्या जनतेने फेब्रुवारी २०११मध्ये इराकचा विक्रम मोडला म्हणून रस्त्यावर बटाट्याच्या फ्राइज वाटून उत्सव केला, आणि एका नामवंत अभिनेत्याने सरकार येईपर्यंत पुरुषांनी दाढीच करू नये असं आवाहन केलं. आपल्याकडे हा उपाय चालला नसता. सलूनला जायचं बंद केलं तर बातम्या बघायच्या कुठे?

आमदार मात्र टपरीवरही नव्हते आणि सलूनमध्येही. शिवसेनेचे आधी वांद्र्याच्या रंगशारदा हॉटेलात, मग मढच्या रिसॉर्टवर; काँग्रेसचे थेट जयपूरला. ज्याच्यासाठी उन्हात पायपीट केली तो आमदार निवडून आल्यावर पंधरवड्यात दुसऱ्या राज्यात जाऊन बसतो आणि त्याचा फोन पीएच्या खिशात असतो, हे गावात समजावून सांगणं सोपं नाही. समर्थक सांगत, "साहेब महत्त्वाच्या बैठकीत आहेत." मग कुणीतरी मोबाइलवर आमदारांचा बसमधला फोटो दाखवी. बसच्या खिडकीतून आमदार साहेब हात हलवत असत. ज्या गावाला ते हात हलवत होते, ते गाव आपलं नाही एवढंच.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटी अवकाळी पावसाने काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच कुजवलं, कापसाची बोंडं काळी पडली, द्राक्षबागा गेल्या. पंचनाम्याला तलाठी आला नाही तर आमदाराकडे जायचं, आमदार जयपूरला. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने वैतागून राज्यपालांच्या नावे जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला, की तुमचा तिढा सुटेपर्यंत मलाच मुख्यमंत्री करा. त्या महिन्यात सरकार दरबारी पडलेल्या कागदांत सगळ्यात मुद्देसूद अर्ज बहुधा हाच. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागल्यावर मुख्यमंत्री साहाय्यता निधीतून रुग्णांना मिळणारी मदत थांबली. समर्थकाच्या वरच्या खिशात कुणा शेजाऱ्याच्या बायपासचं अंदाजपत्रक चार घड्या घालून ठेवलेलं, आणि ते द्यायचं कुणाला हेच कळेना. १६ तारखेला राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८ हजार आणि फळबागांना १८ हजार रुपये जाहीर केले, मर्यादा दोन हेक्टरची. राजभवनातून आलेली ही मदत आपल्या पक्षाने आणली असं फेसबुकवर लिहिणारे समर्थक त्याही दिवशी तिन्ही-चारही पक्षांत निघाले.

शुक्रवारी २२ नोव्हेंबरला वरळीच्या नेहरू सेंटरमधली बैठक संपवून पवार बाहेर आले आणि उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वावर एकमत झाल्याचं सांगितलं. अखेर वरून निरोप आला. फ्लेक्सच्या दुकानात रात्री अकराला शटर अर्धं ओढून 'अभिनंदन एकदम फायनल' छपाईला गेलं. शनिवारी सकाळचा पेपर हीच बातमी घेऊन दारात पडला. शिवसैनिक चहाचा कप आणि पेपर घेऊन अंगणात बसतोय, तेवढ्यात आतून पोराने हाक मारली, "पप्पा, टीव्ही बघा."

टीव्हीवर फडणवीस आणि अजित पवार शपथ घेत होते. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली होती, आठच्या सुमाराला शपथविधी आटोपला होता. एका हातात पेपर आणि समोर टीव्ही, दोन्हींत दोन वेगळे मुख्यमंत्री. कित्येकांना आधी वाटलं जुनं फुटेज लावलंय.

त्या दिवशी सर्वाधिक दया यावी असा प्राणी म्हणजे राष्ट्रवादीचा साधा समर्थक. भाजपवाल्याचं सोपं होतं. फडणवीसांच्या 'मी पुन्हा येईन' या वाक्यावर महिनाभर झालेल्या चेष्टेचा त्याने अर्ध्या तासात व्याजासकट हिशेब चुकता केला. शिवसैनिकाचंही सोपं होतं, संतापायचं. पण घड्याळाचं उपरणं गळ्यात असलेल्याला सकाळी साडेआठला आपण सत्तेत आहोत की विरोधात, हेच माहीत नव्हतं. शरद पवारसाहेबांचा फोटो लावावा तर अजितदादांचा राग, दादांचा लावावा तर साहेबांचा. शहाण्यांनी त्या दिवशी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर सूर्योदय टाकला. ज्यांनी आदल्या रात्री "ठरलं तर मग" असं लिहिलं होतं, त्यांना ते खोडायचीही गरज पडली नाही. दोन्ही बाजूंनी खरं होतं.

तिथून पुढे सगळं भराभर झालं. सोमवारी मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात 'आम्ही १६२' म्हणत आमदारांची ओळख परेड झाली. पहिल्या दिवशीच्या १६१पेक्षा एकाने जास्त, फक्त माणसं बदललेली. मंगळवारी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत बहुमत सिद्ध करा, मतदान उघड घ्या आणि त्याचं थेट प्रक्षेपण करा असा आदेश दिला. त्याच दुपारी आधी अजित पवारांचा आणि मागोमाग फडणवीसांचा राजीनामा आला. साधारण ८० तासांचं सरकार. लग्नाच्या हॉलचं बुकिंगसुद्धा आपल्याकडे यापेक्षा जास्त आधी करावं लागतं.

२८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कावर उद्धव ठाकरे यांच्यासोबत सहा मंत्र्यांनी शपथ घेतली. त्यात छगन भुजबळ होते. १९९१ साली शिवसेना सोडलेले आणि २००० साली ते गृहमंत्री असताना बाळासाहेबांना अटक झाली होती, तेच भुजबळ. मैदानातल्या गर्दीत पन्नाशीचे शिवसैनिक होते, ज्यांनी त्या अटकेच्या दिवशी दुकानांची शटरं पाडली होती. भुजबळांचं नाव पुकारलं तेव्हा या शिवसैनिकांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावरच्यांना फक्त शेजारी बसायचं होतं. शेजारी राहायचं, सोसायटीच्या मीटिंगला जायचं आणि वीस वर्षांत एकमेकांना काय काय बोललो ते विसरायचं काम खाली उभ्या असलेल्यांकडे होतं. त्यासाठी कुणी किमान समान कार्यक्रम छापून दिला नाही.

३० तारखेला १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव मंजूर झाला. समर्थकांची प्रतीक्षा मात्र संपली नाही, कारण खाती ठरायची होती. मंत्रिमंडळाचा विस्तार ३० डिसेंबरला झाला आणि अजित पवार सव्वा महिन्यात दुसऱ्यांदा उपमुख्यमंत्री झाले. 'आ.'चा 'ना.' करायचा की नाही हे फ्लेक्सवाल्या पोराला कळलं तेव्हा संक्रांतीच्या शुभेच्छांची ऑर्डर आलेली होती, म्हणून त्याने दोन्ही एकाच फ्लेक्सवर उरकलं.

कुणी म्हणेल, कौल त्रिशंकू होता म्हणून हे झालं. तर २०२४चं बघा. भाजपचे १३२, शिंदेंच्या शिवसेनेचे ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे ४१. बेरीज २३०. एवढं घसघशीत बहुमत मिळूनही २३ नोव्हेंबरच्या निकालानंतर शपथविधीला ५ डिसेंबर उजाडला. आझाद मैदानावरचा सोहळा आधी जाहीर झाला, मुख्यमंत्री कोण हे ४ तारखेला ठरलं. एकनाथ शिंदे मधेच साताऱ्यातल्या आपल्या दरे गावी गेले, तर वाहिन्यांच्या गाड्या त्यांच्या मागे डोंगर चढल्या. ते उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेणार की नाही, हे शपथविधीच्या दिवशी दुपारपर्यंत नक्की नव्हतं. मांडव आधी, नवरदेव मागून.

आणि भरत गोगावले. २०२२ साली शिंदेंबरोबर गेलेले महाडचे आमदार. मंत्रिपदासाठी शिवून ठेवलेल्या त्यांच्या कोटाची चर्चा दोन-अडीच वर्षं महाराष्ट्रभर चालली आणि त्यांनी स्वतःही ती हसत झेलली. १५ डिसेंबर २०२४ला नागपुरात त्यांना शपथ मिळाली. महाडमध्ये फटाके फुटले, 'आ.'चा 'ना.' झाला. आता फ्लेक्सवर एकच ओळ उरली होती: पालकमंत्री, रायगड. १८ जानेवारी २०२५ला यादी आली, तिच्यात रायगडसमोर आदिती तटकरे यांचं नाव होतं. गोगावले यांच्या समर्थकांनी रात्री मुंबई-गोवा महामार्गावर टायर जाळले. दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या पालकमंत्रिपदांना स्थगिती मिळाली.